अडीचशे ओहम आणि कापसाचे बोळे

यंदा येळवशीच्या दिवशी मी नांदेडात आमच्या गच्चीवर ऊन खात बसलो होतो आणि वहीत ओहम, व्होल्ट आणि मिलिवॅट यांची आकडेमोड करत होतो. प्रश्न साधा होता. हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर विकत घ्यावा की घेऊ नये?

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या लातूरकडं त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करतात, पूजा होते, मग डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली गार आंबील. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो, कुणी नको म्हणत नाही. लातूर शहरात त्या दिवशी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नांदेडात मात्र तो इतर दिवसांसारखाच एक दिवस. भाजीवाला आला, पेपर आला, मी चहा घेतला आणि वर जाऊन बसलो. थंडी अशी होती की सावलीत बोटं आखडायची आणि उन्हात डोकं तापायचं. अशा थंडीत मला दरवर्षी एक जुना हिवाळा आठवतो. किल्लारीच्या भूकंपानंतरचा, माझ्या बारावीचा. पण त्याच्याकडं येतोच. आधी हेडफोन.

माझी मुलगी मीनल हैदराबादला औषधांच्या कंपनीत लागली. पहिल्या पगारातून दिवाळीला तिनं आईला साडी आणली आणि मला हेडफोन. ‘‘बाबा, तुम्ही फोनच्या त्या चिमुकल्या स्पीकरवर सारंगी ऐकता, मला ऐकवत नाही,’’ म्हणाली. हेडफोन मोठे, दोन्ही कानांवर नारळाच्या करवंट्या ठेवल्यासारखे, आतून मखमल. मी घातले, आवडीचं सारंगीवादन लावलं, फोनचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत नेला. सारंगी वाजत होती, पण शेजारच्या घरात वाजावी तशी. मी मुलीला तसं सांगितलं.

‘‘त्याला ॲम्प लागतो बाबा. सगळे तेच म्हणतात.’’

‘‘सगळे म्हणजे कोण?’’

‘‘इंटरनेटवर.’’

‘‘त्यांनी मोजलंय का?’’

‘‘बाबा, प्लीज,’’ ती म्हणाली आणि आईला फोन द्यायला सांगितलं.

मी वीज खात्यात आहे. सत्तावीस वर्षं मीटर तपासतोय. लोकांची तक्रार एकच असते, की मीटर पळतो. तक्रार खरी असो वा खोटी, आमची पद्धत ठरलेली आहे. तक्रारीच्या मीटरशेजारी आमचा खात्रीचा मीटर जोडायचा, दोन्हींतून एकच वीज जाऊ द्यायची आणि मग आकडे बघायचे. ग्राहक काय म्हणतो, साहेब काय म्हणतो, काहीच विचारात घ्यायचं नाही. या सवयीमुळं मी घरात फारसा लोकप्रिय नाही. बायको म्हणते, ‘‘लग्नाच्या वेळी माणूस बरा होता. मीटरनं बिघडवला.’’

तर मी मोजलं. हेडफोनच्या खोक्यावर लिहिलं होतं की त्याचा रोध अडीचशे ओहम आणि एक मिलिवॅट वीज दिली तर शहाण्णव डेसिबल आवाज. घरातलं आपलं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे शहाण्णव हा आवाज कुणी कानाशी ओरडावं तसा. आता माझा फोन किती वीज देतो? फोनवर पन्नास हर्ट्झचा सूर लावला, कारण ती माझ्या रोजच्या ओळखीची संख्या, आणि वायरीच्या टोकाला माझा मल्टिमीटर लावला. पॉइंट एकोणपन्नास व्होल्ट. अर्धा धरू. अर्ध्याचा वर्ग पाव, भागिले अडीचशे. बरोबर एक मिलिवॅट.

म्हणजे फोन पुरेसा होता. पुरेशापेक्षा जास्त होता. मी गणित तीनदा केलं आणि तिन्ही वेळा ॲम्प्लिफायरची गरज नाही असंच उत्तर आलं. पण कानाला ते पटत नव्हतं. येळवशीच्या दिवशी, दुपारी बारा वाजता, गच्चीवर, मी वहीत लिहिलं: हेडफोन सदोष असावेत.

आमच्या सोसायटीच्या पलीकडं ज्वारीचं एक रान अजून शिल्लक आहे. कणसं भरत आली होती. वाऱ्याबरोबर त्या कच्च्या दाण्यांचा गोडसर वास आला की मी सतरा वर्षांचा होतो, त्याला माझा इलाज नाही.

भूकंप झाला तेव्हा आम्ही लातूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. भिंती दगडमातीच्या आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं ते माळवद किल्लारीकडं माणसांच्या अंगावर आलं होतं. लातुरात तेवढं झालं नाही, पण आपल्याच घराकडं बघायची लोकांची नजर बदलली. सगळी गल्ली समोरच्या मोकळ्या मैदानात राहायला गेली. बाजा, ताडपत्र्या, साड्यांचे आडोसे. वडील महसूल कचेरीत कारकून होते, त्यांना किल्लारी भागात पंचनाम्यांच्या कामावर पाठवलं होतं. आठ दिवसांनी घरी यायचे, पाय धुवायचे आणि अंगणाच्या मध्यभागी बसायचे. भिंतीला पाठ टेकायचे नाहीत. आम्ही कुणी त्यांना काही विचारायचो नाही आणि तेही काही सांगायचे नाहीत. एकदाच ते आईला म्हणाले, ‘‘पोरांना आत निजवू नको,’’ बस्स.

स्वयंपाक-आंघोळीपुरतं घरात जावंच लागायचं, म्हणून त्या दिवसांत घरोघरी एक पद्धत पडली होती. उंबऱ्याच्या आत फरशीवर स्टीलचे पाच पेले एकावर एक उपडे रचून ठेवायचे. जमीन जराशी हलली तरी ते खणखणत पडतात आणि माणसांना पळायला दोन क्षण जास्त मिळतात. दोन क्षणांचा हिशेब कुणी केला होता, माहीत नाही. पण प्रत्येक घरात ते पेले होते. पाहुणा आला तरी त्यातला पेला पाण्यासाठी उचलायचा नाही, असा नियम. मांजर गेलं, वारा आला, लहान पोरानं पाय आपटला, की पेले पडायचे आणि अख्खी गल्ली घराबाहेर यायची. मग कुणीतरी ओरडून सांगायचं, ‘‘मांजर हाय, मांजर!’’ आणि लोक हसत हसत, पण लगेच नाही, सावकाश आत जायचे.

माझं बारावीचं वर्ष होतं. लातूरचं शिकवण्यांचं नाव तेव्हा नुकतंच गाजायला लागलं होतं. आमच्या सरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये साठ मुलं दाटीवाटीनं बसायची आणि भूकंपानंतर दहाव्या दिवशी सरांनी तास सुरू केला होता. ‘‘जमीन हलली म्हणून अभ्यासक्रम हलत नाही,’’ असं ते म्हणाले होते. मला इंजिनियरिंगला जायचं होतं. खरं म्हणजे वडिलांना मी जायला हवा होतो, पण त्या वयात दोन्ही एकच वाटतं. मैदानात अभ्यास होणं अशक्य होतं. तिथं दिवसभर बातम्या, भांडणं, रडणं आणि नुसत्याच गप्पा चालायच्या. म्हणून मी दुपारी आमच्या रिकाम्या घरात जाऊन बसायचो. मैदानाचा गलका तिथंही यायचा. मग मी कापसाचे दोन बोळे खोबरेल तेलात भिजवून कानात घालायला सुरुवात केली. कुणाला सांगितलं नाही.

भूकंपानंतरही हादरे येतच होते. दिवाळीच्या आगेमागे एका दुपारी असाच एक आला. मोठा नव्हता. मी खाली मान घालून संकलनाची गणितं सोडवत होतो. पेले पडले, मला कळलं नाही. आई मैदानातून ओरडली, गल्ली ओरडली, मला कळलं नाही. कुणीतरी माझी कॉलर धरली आणि मी वहीसकट ओढला गेलो. दारातून बाहेर येताना वरून माती भुरभुरली ती अजून मानेवर जाणवते. अंगणात आल्यावर आक्कानं मला उभं केलं आणि एक सणसणीत वाजवली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तेव्हा वीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सगळे बाहेर पळत असताना ती एकटी आत पळाली होती. तिच्या खांद्याला चौकटीचा मार लागला होता आणि ओढणी रक्तानं भिजत होती, ते तिच्याही लक्षात नव्हतं.

‘‘बहिरा झालास का रे? पेले पडले, आई कोकलायली, आन् तू गणितं करायलास?’’

मी कानातून कापूस काढून दाखवला. ती त्या बोळ्यांकडं बघत राहिली. तेलकट, पिवळे झालेले बोळे. मग तिनं तोंड फिरवलं. ती रडत होती की हसत होती ते मला दिसलं नाही.

आईनं कापसावर बंदी घातली. दोन दिवस मी मैदानात बसून पुस्तकाची पानं नुसती उलटली. तिसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, ‘‘चल घरात. घाल तुझा कापूस. मी बसते उंबऱ्यावर.’’

ती बसली. रोज दुपारी बारा ते तीन. मांडीवर सूप घ्यायची, ज्वारी नाही तर तूर निवडायची, पाठ माझ्याकडं आणि तोंड रस्त्याकडं. तिच्याही परीक्षा होत्या, तिचं पुस्तक शेजारी पालथं पडलेलं असायचं. एकदा मी विचारलं, ‘‘तू का वाचत नाहीस?’’ ती म्हणाली, ‘‘वाचायला लागलं की ऐकू येणं बंद होतं मला. दोन्ही नाही जमत.’’ दाणे निवडताना तिचे ओठ हलत असायचे. मला वाटायचं, गाणं म्हणते. तिच्या लग्नानंतर कधीतरी मी ते विचारलं तर म्हणाली, ‘‘गाणं कसलं! त्या पेल्यांना धमकी देत होते. पडून तर बघा म्हणून.’’

दिवाळीपासून परीक्षेपर्यंत धरलं, शिकवणीचे आणि सणाचे दिवस वजा केले, तरी नव्वदच्या आसपास दुपारी होतात. दररोज तीन तास. नव्वद दुपारी मी सुखरूप शांततेत बसलो कारण दाराशी एक माणूस माझ्या वाटणीचं ऐकत होतं. इतकं करून मला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला नाही. आठ मार्क कमी पडले. मी डिप्लोमा केला. आक्काचा बी.ए.चा एक विषय राहिला आणि पुढच्या वर्षी तिचं लातूरजवळच्या मुरुडला लग्न झालं, तेव्हा तो राहूनच गेला. आठ मार्कांवरून ती मला कधी काही बोलली नाही. मीही तिला त्या विषयाबद्दल कधी विचारलं नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी मीनलला शिकवणीसाठी लातूरला ठेवायला गेलो तेव्हा त्या मैदानाकडं मुद्दाम गेलो होतो. मैदान नव्हतंच. चार मजली अभ्यासिका उभी होती. आत लाकडी कप्प्यांत पोरं-पोरी बसलेली, कप्प्यावर नंबर, प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं. व्यवस्थापक अभिमानानं म्हणाला, ‘‘सर, इथं टाचणी पडली तरी ऐकू येईल.’’ मी म्हणालो, ‘‘यांच्यापैकी कुणाला?’’ त्याला ते कळलं नाही. मीनलला कळलं, तिनं माझा हात दाबला. मी जिने मोजले, बाहेर पडायचे दरवाजे मोजले, दोन होते, आणि मगच पैसे भरले.

तर, सदोष हेडफोन.

पिशवीत हेडफोन घालून मी मुख्तारभाईंकडं गेलो. नांदेडच्या जुन्या बाजारात त्यांचं दुकान आहे. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, मुख्तारभाई टेपरेकॉर्डरवर शिकले आणि आता असली नाजूक यंत्रं ठेवतात. त्यांनी माझा फोन घेतला, हेडफोन कानाला लावले आणि झटक्यात काढले.

‘‘काय सर! एवढा फुल्ल ठेवता? कानठळ्या बसतील माणसाच्या.’’

‘‘मला कमी वाटतो.’’

त्यांनी आवाज अर्ध्यावर आणला, पुन्हा ऐकलं, डोळे मिटले. ‘‘मस्त वाजून राहिलेत. तारांचा चकचकाट बघा ना सर. एक नंबर माल आहे.’’

‘‘ॲम्प लागेल?’’

दुकानदारानं या प्रश्नाला नाही म्हणणं अवघड असतं. मुख्तारभाईंनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कपाटातून तळहाताएवढी काळी डबी काढली. ‘‘असं करा. विकत नका घेऊ. आठवडाभर घरी न्या, ऐका, मग सांगा. पैशाची बात नंतर.’’

घरी आणून डबी जोडली. आवाज वाढला, भरपूर वाढला. सारंगीचा खर्ज छातीत घुमायला लागला. पण तारांचा तो चकचकाट, जो मुख्तारभाईंना अर्ध्या आवाजात दिसला होता, तो मला सापडेना. मी बटण आणखी फिरवलं. खर्ज दुखायला लागला आणि वरचे सूर होते तिथंच, धुक्यात. मी बटण मागं फिरवलं. आमच्या कामात असा प्रसंग येतो. मीटर बरोबर, जोडणी बरोबर, पुरवठा बरोबर. मग उरतं काय?

रविवारी दुपारी मी बायकोला खुर्चीवर बसवलं. तिचं माहेर मुखेडचं, आणि असल्या बाबतीत ती कोर्टातल्या साक्षीदारासारखी कमी बोलते. ॲम्प काढून ठेवला. हेडफोन, फोन, या वेळी मधल्या पट्टीतला एक सूर. आवाजाच्या पंधरा पायऱ्या. म्हणालो, ‘‘डोळे मीट. ऐकू आलं की हात वर कर.’’

दुसऱ्या पायरीला तिचा हात वर गेला.

मग मी बसलो, तिनं बटण दाबलं. मी हात वर केला तेव्हा सातवी पायरी होती. पुन्हा केलं. ती दोन, मी सात. तिसऱ्यांदा जरा उंच सूर लावला. ती दोनच. मी हात वर केला तेव्हा ती म्हणाली, ‘‘अकरा.’’ मी वही ओढली तर तिनं वहीवर हात ठेवला.

‘‘आता लिहू नका.’’

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘दोन वर्षं झाली असतील. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं तुम्ही सोडलंत ना, तेव्हापासून.’’

मला वाटत होतं की शिट्ट्या मोजायचं काम मी आपणहून तिच्यावर सोपवलं. मग मला रातकिडे आठवले. गेल्या पावसाळ्यात मी जेवताना तासभर सांगितलं होतं की फवारण्यांमुळं रातकिडे संपत आले, पूर्वी कसे कर्कश ओरडायचे, आता औषधालासुद्धा नाहीत. ती भाकरी वाढत राहिली होती.

‘‘रातकिडे आहेत?’’ मी विचारलं.

‘‘मायंदाळ आहेत.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तुम्ही आकड्याशिवाय कुठं काही मानता?’’ ती म्हणाली, आणि हेडफोनची वायर व्यवस्थित गुंडाळायला लागली. गुंडाळता गुंडाळता तिनं दुसरं सांगितलं, ज्यासाठी बहुधा ती इतके दिवस वाट बघत होती. ‘‘मला सांगितलं नाहीत तरी चालेल. पण आक्कांना सांगा. त्या मला विचारत होत्या, बापू माझ्यावर रागावलाय का.’’

आक्काचा आवाज बारीक आहे. लहानपणापासून बारीक, आणि पन्नाशीनंतर आणखी पातळ झालाय. ती आठवड्यातून एकदा फोन करते. गेलं वर्ष-दीड वर्ष ते फोन मला मुरुडच्या खराब रेंजचे वाटत होते. तिचा आवाज वर-खाली व्हायचा, शब्द मधूनच विरून जायचे, मी ‘‘हां, हां’’ म्हणायचो. ती थांबली की ‘‘बरं झालं’’ म्हणायचो. ती हसली असं वाटलं की हसायचो. आणि मग ‘‘ठेवू का?’’ असं मीच आधी म्हणायचो, कारण कपाळाला घाम यायचा. दहा मिनिटांचे फोन दोन मिनिटांवर आले होते. मी खाडाखोड न करता मीटरचे अहवाल लिहिणारा माणूस, आणि जिनं माझ्यासाठी एक अख्खा हिवाळा कान दिले, तिला दर आठवड्याला खोटा होकार देत होतो.

मी गच्चीवर गेलो आणि उजव्या, त्यातल्या त्यात बऱ्या कानाला फोन लावला. फोनचा आवाज शेवटच्या पायरीवर होता.

‘‘आक्का, जरा मोठ्यानं बोल.’’

‘‘का रं? रेंज न्हाई का?’’

‘‘रेंज आहे. मलाच ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. मोजलं आज.’’

पलीकडं काहीच आलं नाही. ती गप्प झाली की मला ऐकू येत नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. मी ‘‘आक्का? आक्का?’’ करत राहिलो. मग तिचा आवाज आला, असा की मुरुडची अर्धी पेठ थबकली असेल.

‘‘मग येळवशीला हो कशाला म्हणलास?’’

‘‘येळवशीला?’’

‘‘पंधरा दिस आधी इचारलं तुला. या म्हणलं दोघं. तू म्हणलास हो, हो, नक्की. मी दोन माणसांची आंबील जास्त घातली. तुझ्या दाजींनी नवी कोप केली. दिस मावळंस्तोर मी वाटंकडं बघत बसले, बापू. म्हणलं आता येतील, एस्टी चुकली आसंल.’’

ज्या दिवशी, ज्या वेळी ती मुरुडच्या रानात वाटेकडं बघत बसली होती, त्या वेळी मी गच्चीवर अर्ध्याचा वर्ग काढत होतो. वहीत ते पान होतं. तारीख घालायची सवय आहे मला.

‘‘फोन का नाही केलास?’’

‘‘यायचं नसंल तर कशाला लाजवावं माणसाला? न्हाई आला म्हणून मी कधी तुझ्यामागं लागले का?’’

‘‘मी तुझं ऐकलंच नव्हतं, आक्का.’’

‘‘न ऐकता हो म्हणलास?’’

‘‘तू विचारत होतीस एवढं कळत होतं. म्हणून हो म्हणलं.’’

ती हसली. या वेळी नक्की हसली, मला ऐकू आलं. मग म्हणाली, ‘‘येडा हायस. डॉक्टरला दाखव आधी. मग हिकडं ये.’’

कानाच्या डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवून तपासलं आणि हातात आलेख दिला. आलेख मला आवडतात. डावीकडं, खर्जाच्या बाजूला रेघ बऱ्यापैकी वर होती आणि मग उजवीकडं, उंच सुरांकडं जाताना घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरत गेली होती. वय आणि कामाच्या जागेचा आवाज, दोन्ही असावं म्हणाले. मी त्यांना माझा प्रश्न विचारला, तोच, ॲम्प्लिफायरचा. त्यांनी नीट उत्तर दिलं. ॲम्प्लिफायर सगळंच वाढवतो. मला जे चांगलं ऐकू येतं तेही वाढवेल आणि जे येत नाही ते ओढून आणण्याच्या नादात राहिलेला कानही जाईल. माझ्यासाठी जे यंत्र आहे ते फक्त उतारावर हात देतं. त्याचं माप घेतलं, यायला तीन आठवडे लागणार होते.

ज्यांनी केवळ मूळ प्रश्नासाठी इथवर वाचलं असेल त्यांना माझं उत्तर देऊन टाकतो. तुमचा हेडफोन जास्त ओहमचा असेल आणि फोन खरोखर अशक्त असेल, तर ॲम्प्लिफायर घेण्यात अर्थ आहे. पण आधी मोजा. आणि त्याहीआधी, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी कानाला लावून बघा. मी डबी मुख्तारभाईंना परत दिली. त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मला त्याच दिवशी कळलं होतं, सर. आमच्या अब्बांनी दोन वर्षं टीव्हीला शिव्या दिल्या. तीन टीव्ही बदलले.’’ आणि डबी ठेवायचे पैसे घेतले नाहीत, चहाचेही नाहीत.

यंत्र यायची वाट न बघता मी आणि बायको पुढच्याच रविवारी निघालो. नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड. एस्टीच्या खिडकीबाहेर हरभऱ्याला घाटे धरले होते आणि ज्वारी पुरुषभर उंच झाली होती. बायको माझ्या उजव्या बाजूला बसली होती. ती कधीपासून उजव्या बाजूला बसते, हे मी आठवून पाहिलं. सांगता आलं नाही.

येळवस होऊन गेली होती, कोप मोडून कडबा गुरांना गेला होता. आक्कानं तरी शेतातच सतरंजी टाकली होती. दाजी आणि माझी बायको हरभरा उपटायला पलीकडं गेले. आक्का माझ्यासमोर बसली. तिचे केस पुढून पूर्ण पांढरे झालेत, ते मी दिवाळीला पाहिलं असणारच, पण पाहिलं नव्हतं. तिच्या ओठांकडं बघत ऐकलं की मला जवळजवळ सगळं कळत होतं. ती थोडं बोलली आणि थांबली.

‘‘हे सांगितलंय की तुला. गायीचं.’’

‘‘मला नाही ऐकू आलं.’’

‘‘आन् माझ्या गुडघ्याचं? थोरल्याच्या नोकरीचं?’’

मी मान हलवली. तिनं पदर सावरला आणि हातातल्या काडीनं जमिनीवर रेघ ओढली, जणू तिथून मागचं सगळं बाद.

‘‘मग कुठून सांगू? दिवाळीपासून?’’

मी हिशेब केला. शिट्ट्या दोन वर्षांपूर्वी सुटल्या, फोन त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी तुटक झाले. सवलत घ्यायला मन झालं, पण खोटा आकडा सांगवेना.

‘‘गेल्याच्या गेल्या आखाडापासून सांग,’’ मी म्हणालो.

‘‘आगं बाई,’’ आक्का म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. ‘‘मग आधी चहा ठेवते.’’